तिसऱ्या तळ्याच्या वळणापासून

स्टिअरिंगमधून आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मी टॅम्सिनला शांतपणे सांगितलं, की गाडी जुनी आहे, जुन्या गोष्टी कुरकुरतात, तू रस्त्याकडे बघ. चाळीस वर्षं लहान मुलांना वाचायला शिकवल्यावर शांत बोलायची सवय लागते. तो आवाज सहाव्यांदा आला तोवर माझी ती सवय पार मोडली होती.

आवाज असा : ठक, ठक, ठक. जरा थांबा. पुन्हा तीन. कुणी बोटाच्या पेरांनी पत्र्यावर वाजवावं तसा, पण स्टिअरिंगच्या दांड्याच्या आतून. हातात धरलं की तळव्यांना जाणवायचा.

टॅम्सिन माझी नात, सतरा वर्षांची. यॉर्कटाउनच्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात तिला सोमवारपासून काम मिळालं होतं. आम्ही राहतो एडिथबर्गला, समुद्राकाठी, आणि पहाटे तिकडे जाणारी बस नाही. म्हणजे लायसन्स हवंच. परीक्षा शुक्रवारी दहाला, यॉर्कटाउनलाच, आमच्याच गाडीत. तिची आई ॲडलेडहून रोज फोन करून बजावायची, की आवाज जाईपर्यंत पोरीला त्या गाडीत बसवायचं नाही. मग परीक्षा काय मेंढीवर बसून द्यायची, असं मी विचारलं. तिनं फोन ठेवला.

लॉयडनं दोनदा गाडी खोलली. त्याचं यॉर्कटाउनला गॅरेज आहे; तिसरीत तो माझ्याच वर्गात होता. त्यानं पुढच्या चाकांचे सांधे बदलले, रबरं बदलली, गावातून दोन फेऱ्या मारल्या. आवाज नाही. गाडी आमच्या हातात आली की त्याच संध्याकाळी ठक, ठक, ठक.

"बाई, गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "एकदा कान दाखवून या."

"लॉयड, तुला सातचा पाढा येत नव्हता तेव्हा मी तुला डोकं दाखवून यायला सांगितलं होतं का?"

शिकाऊ चालकाला प्रत्येक फेरी वहीत नोंदवावी लागते. तारीख, वेळ, रस्ता. ज्या फेरीत आवाज आला तिथे टॅम्सिन वैतागून फुली मारायची. रविवारी मी ती वही आणि पेन्सिल घेऊन बसले. मुलाचं गणित कुठे चुकलं ते शोधायचं, तर उत्तराकडून मागे यावं लागतं. नऊ फुल्या होत्या. त्या नऊही वेळा आम्ही परतताना मिठाच्या तळ्यांमधला पांढऱ्या खडीचा रस्ता धरला होता. टॅम्सिनला विचारलं, तर ती म्हणाली, आवाज तिसऱ्या तळ्याच्या वळणावर सुरू होतो आणि इंजिन बंद करेपर्यंत थांबत नाही.

सोपं निघालं. खराब रस्ता, काहीतरी ढिलं होतं. मला बरं वाटलं.

बुधवारी लॉयडला गाडीत घातलं. टॅम्सिन चालवत होती, तो तिच्या शेजारी, मी मागे. भर दुपार. तळी सुकून पांढरी पडली होती, कडेला फिकट गुलाबी. कापलेल्या बार्लीची खुंटं लांबपर्यंत. समोरून एक ट्रक आला, ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. लॉयडनंही उचललं, शेजारी बसलेला असूनही. आमच्याकडे समोरच्याला असं बोट उचलून ओळख दिल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. टॅम्सिन तेवढी करत नाही. परीक्षेत दोन्ही हात स्टिअरिंगवर लागतात म्हणते.

तिसऱ्या तळ्याच्या वळणावर लॉयडनं पुन्हा बोट उचललं. रस्ता रिकामा होता.

"कोणाला केलंस?" मी विचारलं.

"त्या माणसाला. पिकअपशेजारी उभा होता ना? हात केला त्यानं."

टॅम्सिन म्हणाली, तिथे कुणीच नव्हतं. लॉयड मागे वळून बघत राहिला.

ठक, ठक, ठक.

त्यानं स्टिअरिंगच्या दांड्याला हात लावला आणि बराच वेळ ऐकलं. मग हात काढून पँटला पुसला.

"हे ढिलं नाही बाई. ढिलं असतं ते रस्त्याबरोबर वाजतं. हे मोजून वाजतंय."

गॅरेजपाशी उतरताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. शुक्रवारी किनाऱ्याच्या रस्त्यानं या, एवढंच म्हणाला.

मला काय आठवलं ते मी दोघांनाही सांगितलं नाही. गेल्या जानेवारीत, पंचेचाळीस अंश उन्हात, मी एकटी त्या वळणावरून येत होते. कडेला एक पिकअप उभी होती, पुढचं एक चाक बाहेर फाकलेलं. शेजारच्या माणसानं हात वर केला. मी बोट उचललं आणि घरी आले. मनात आलंसुद्धा, किती सभ्य माणूस. दुसऱ्या संध्याकाळी तो तहानेनं मेलेला सापडला. गॉर्डन कीज, कुंपणाची कामं करणारा, परगावचा. स्टिअरिंगचा दांडा तुटलेला, गुडघा अधू, चालत जाता आलं नाही. पेपरात लिहिलं होतं की त्या दिवशी त्या रस्त्यानं कुणीही गेलं नव्हतं.

चाळीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं, आणि वर केलेला एक हात मला वाचता आला नाही.

गुरुवारी दुपारी मी एकटी गेले. वळणावर गाडी थांबवली, उतरले, मागचं दार उघडलं. सीटवर पाण्याची बाटली ठेवली. माश्या, खारट वास, दुसरं काही नाही. दहा मिनिटं उन्हात उभी राहिले आणि स्वतःचाच राग आला.

"चला," मी म्हणाले, सहलीत मागे राहिलेल्या मुलाला म्हणावं तसं. दार लावलं.

घरापर्यंत आवाज आला नाही.

शुक्रवारी किनाऱ्याच्या रस्त्यानं गेलो. टॅम्सिन सुरेख चालवत होती. गाडी गप्प होती. दहाला पाच मिनिटं कमी असताना आम्ही परीक्षेच्या जागी पोचलो, आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. सीटच्या पट्ट्याचं चित्र. टुं टुं टुं.

"आजी, मागे काही जड ठेवलंयस? वजन असलं आणि पट्टा नसला की हा लागतो."

मी वळून पाहिलं. सीट रिकामी होती. बाटलीही रिकामी होती.

"लाल दिवा असला तर परीक्षा घेत नाहीत," टॅम्सिन म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "मग सोमवारचं काम गेलं."

परीक्षक बाई कागद घेऊन पायऱ्या उतरत होत्या. मी त्या दिव्यावर थापटी मारली. पुन्हा मारली. मग माझा धीर सुटला आणि मी वर्गातल्या आवाजात मागे न बघता बोलले.

"पट्टा लावून घ्या, मिस्टर कीज. पोरीची परीक्षा आहे."

मागे खट् झालं.

दिवा विझला.

टॅम्सिन दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून समोर बघत होती. मी उतरून परीक्षक बाईंना माझी जागा दिली. त्या बसल्या, कागद मांडीवर नीट केले, आणि दार ओढून घेण्याआधी मागच्या सीटकडे वळून त्यांनी, आमच्याकडे करतात तसं, एक बोट उचललं.