शेवटच्यानं फाटक लावायचं

बस खाली एल्गन. ती मेंढी अजून तासभर तरी व्यायची न्हाय. बर्विन, तूबी बस. आन् ते दार उघडंच ऱ्हाऊ दे. थंडी वाजती तर पाय पेंढ्यात खुपस, पण दाराला हात लावू नगं.

तर एल्गन, तू वरच्या शाळंत मैदान राखायच्या जागंला अर्ज टाकणार म्हणं. पगार बरा, वर फाटकापाशी ऱ्हायला घर. घर चांगलंच हाय. माझ्या बायकोचा भाऊ हेफिन किती वर्सं ऱ्हायला त्यात. पोरं तिथंच झाली त्याची. आता त्यो बाजारात मेंढरं उतरवतो आन् भाड्याच्या खोलीत ऱ्हातो. का सोडलं ईच्यार की. कुनी ईच्यारत न्हाय. मी सांगतो, मग टाक तुझा अर्ज.

परवाच्या न्हाय, त्याच्या आदल्या फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. दुपारी हेफिन माझ्या दारात आला.

"दाजी, दावं द्या."

दरसाल त्या दिवशी त्यो दावं न्यायला यायचा. त्याच्या आधीचा गडीबी यायचा. माझ्या बापाकडं यायचे, माझ्या आज्याकडं यायचे. मी नवंकोरं दावं काढून दिलं. सांजच्याला त्याची बायको लोवरी आन् पोरं आमच्याकडं झोपायला येतील म्हणला. तेबी दरसालचंच. च्या पिला आन् गेला.

त्या दिवशी शाळंची दौड असती, तुम्ही बघितलीया. पण लांबनं. फाटकातनं सुटायचं, मोएल डोंगर चढायचा, वरच्या दगडांच्या ढिगाला वळसा घालायचा, खाली येऊन कमरंएवढ्या नदीतनं पार व्हायचं, आन् परत फाटकात. शाळंतलं झाडून सगळं पोरगं पळतं. ज्या इंग्रज पाद्रीबाबानं शाळा काढली, त्यानंच ही दौड काढली. स्लेटच्या खाणीवाल्यांचा पैसा आन् ह्याचं डोकं. मर्द घडवायचे म्हणं. पयला येतो त्याचा फोटो जेवणघरात लागतो. रग्बीत देशाकडनं खेळलेले समदे त्या भिंतीवर हायत, आन् आपल्या गावच्या संघाला दरसाल चिखलात तुडवणारेबी तिथंच हायत.

शेवटच्याचा फोटो लागत न्हाय. त्याला शेपूट म्हणत्यात. वर्सभर. त्याचं नावच जातं. त्यो येईपातूर सगळी शाळा फाटकाच्या आत दोन रांगा करून उभी, हातात जेवणाची ताटं आन् चमचे. त्यो दिसला की बडवायला सुरुवात. त्यानं मधनं यायचं आन् फाटक लावायचं. हे पाद्रीबाबानं आपल्याकडनंच उचललं. कुरणातनं जो शेवटी जाईल त्यानं फाटक लावायचं, नायतर मेंढरं जात्यात. आपल्याकडं ती अक्कल हाय. त्यांनी तिची शिक्षा केली.

आता माझ्या आज्याचं ऐका. पयल्या महायुद्धाच्या आदल्या सालची गोष्ट. आजा तवा शाळंत घोड्यांकडं व्हता. इवान म्हणून एक पोरगं व्हतं, बारा वर्साचं, खाणीत दगड फोडणाऱ्याचं. हुशार म्हणून फुकट घेतलेलं. आपल्या भाषंत बोललं की छडी खायचं, आन् झोपंतबी आपल्याच भाषंत बडबडायचं, म्हणून झोपंतबी खायचं. त्या साली दौडीच्या दिवशी बर्फ पडाय लागला. सगळे आले, ह्यो यायचा व्हता. थोरल्या पोरांनी काय केलं, तर त्यो वळणावर दिसला तसं फाटकच लावून टाकलं. गंमत. त्यो पळत आला, आपटला फाटकावर. हे आत ताटं बडवत्यात. त्यो वरडतोय, मी शेवटचा हाय, मला लावू द्या. हे हसत्यात. मग जेवणाची घंटा झाली. गेले जेवायला. परत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुनीतरी उघडलं असंल.

सकाळी आज्यानं बघितलं. दोन्ही हात गजाला चिकटलेले. वल्लं कातडं आन् गोठलेलं लोखंड. मेलेलं पोरगं उभंच्या उभं. आजा म्हणला, पाणी तापवून आणतो, वततो, म्हंजे सुटंल. मास्तर म्हणला, बाकीच्या पोरांचे आई-बाप यायची वेळ झाली. ओढा.

ओढलं.

तळव्यांचं कातडं गजावरच ऱ्हायलं. आज्यानं ते पुसून काढलं. त्या सालापासनं दौडीच्या रातीला आजा फाटक उघडायचा आन् दाव्यानं बांधून ठेवायचा. रातभर. कुनी सांगितलं न्हवतं आन् कुनी अडवलंबी न्हाय. मोठ्या मास्तराला ठाऊक व्हतं, त्यो खिडकीचा पडदा वढून घ्यायचा. त्या रातीला कुनी फाटकाकडं बघायचं न्हाय. येवढंच.

तर त्या शनिवारी दौड झाली. ताटं बडवायचं मधी बंद पडलं व्हतं, बरं का. पालकांनी बोंब मारली व्हती. ते परत काढलं नव्या खेळाच्या मास्तरानं. प्रेस्कट. इंग्लंडाहून आलेला. मान बैलाची आन् आवाज त्याहून थोर. त्या साली शेपूट झालं एक जाडसर पोरगं, दम्याचं. नदीतनं वर येता येईना त्याला. प्रेस्कट काठावर उभा राहून म्हणतो, "ये, ये, डुकरा, सगळी शाळा उपाशी ठेवलीस." पोरगं रांगत आलं, फाटक लावलं आन् तिथंच वकलं. ताटं बडवतच व्हते.

सगळे आत गेले. हेफिननं फाटक उघडलं आन् दावं बांधाय घेतलं. मागनं प्रेस्कट.

"हे काय चाललंय?"

"दावं, सर. आज रातीला फाटक उघडं ऱ्हातं."

"कुणाच्या हुकमानं?"

"हुकूम न्हाय, सर. ऱ्हातं."

"हे बघ हेफिन. ह्या फाटकाला मोटर आहे, कॅमेरा आहे. ज्यांची मुलं इथं झोपतात ना, ते तुझं गाव विकत घेतील. नऊला फाटक बंद होईल. तुमच्या मेंढरांच्या दोरीवर चालत नाही ही शाळा."

"एक रात, सर. गावात सगळ्यांस्नी ठाऊक हाय..."

"घर आवडतं ना तुला? बायकोला आवडतं?"

प्रेस्कटनं खिशातनं चाकू काढला आन् दावं कापलं. माझं दावं. नवंकोरं. भाड्यानं गाठ सोडायचीबी तसदी घेतली न्हाय.

हेफिननं मला फोन केला. दाजी, काय करू? मी म्हणलं, बांध परत, आन् त्यालाबी बांध. त्यो म्हणला, घर जाईल. मी म्हणलं, जाऊ दे. दुसऱ्याचं घर जाऊ दे म्हणायला काय जातंय. फोन ठेवला त्यानं.

नऊला मोटर घरघरली. फाटक बंद झालं. बर्फ पडाय लागला व्हता. हेफिन एकटा घरात. दिवा बारीक केला आन् टीव्ही लावून बसला. फाटक खिडकीपासनं कितीसं लांब, तुम्हीच बघितलंय. शाळा आत, झाडांच्या पल्याड, तिथं हाक जात न्हाय. प्रेस्कटचा बंगला मधी.

साडेदहाला घंटी वाजली. फाटकाची.

कॅमेऱ्याचा पडदा भिंतीवर व्हता. त्यात पोरगं. बनियनवर. अनवाणी. केसांतनं पाणी गळतंय.

तीच घंटी बंगल्यात वाजायची. लगीच प्रेस्कटचा फोन.

"कोण आहे तो?"

"पोरगं हाय, सर."

"आमचं नाही. सगळी पलंगावर आहेत, मी आत्ता बघून आलो. हा तुमच्या गावातला. खोडी काढायला पाठवलाय. काय बरळतोय?"

"आमच्या भाषंत बोलतोय, सर."

"ते कळतंय मला. काय म्हणतोय?"

"म्हणतोय... मी शेवटचा हाय. मला आत घ्या. म्हंजे मी फाटक लावतो."

प्रेस्कट हसला. खदाखदा. "छान शिकवून पाठवलंय. उभा राहू दे. थंडीनं अक्कल येते."

"सर, मरंल त्यो."

"मग तुमच्या गावात एक शेपूट कमी. हेफिन, तू फाटक उघडलंस तर सकाळी सामान बाहेर. ऐकलंस?"

हिरवं बटण भिंतीवरच व्हतं. हेफिन मला म्हणला, "दाजी, बोट ठेवलं व्हतं. ठेवूनच उभा व्हतो."

न्हाय दाबलं.

घंटी वाजत ऱ्हायली. थांबायची. परत वाजायची. पोरगं हलत न्हवतं. कॅमेऱ्याकडं बघत न्हवतं. गजाकडं बघत व्हतं.

अकराच्या पुढं प्रेस्कट खाली आला. बॅटरी, अंगात पातळ कोट, हातात हॉकीची काठी. हेफिन खिडकीत. प्रेस्कटनं वरडून ईच्यारलं, "आहे का अजून?"

हेफिननं पडद्याकडं बघितलं. व्हता.

"हाय, सर. उघडू नगा."

"कान धरून आणतो. बघ तू."

खिशातलं बटण दाबलं त्यानं. मोटर घरघरली. फाटक एक माणूस जाईल येवढं उघडलं. प्रेस्कट भाईर गेला. बॅटरी फिरवली.

कुनी न्हाय.

"पळाला! पळाला भेकड!"

आन् फाटक लागलं.

मोटर वाजली न्हाय. हेफिन शपथ घेतो. मोटर वाजली न्हाय. लोखंडावर लोखंड. धाडकन. आन् मग आतला जुना आकडा पडल्याचा आवाज. त्यो आकडा मोटर बसवल्यापासनं गंजून जाम झालेला, हेफिननं हातोड्यानं बघितला व्हता, हलला न्हवता.

प्रेस्कटनं बटण दाबलं. परत दाबलं. "हेफिन! तिकडून दाब!"

हेफिननं हिरवं बटण दाबलं. ह्या वक्ताला दाबलं. मोटर नुसती कण्हली.

"हेफिन! हातानं ओढ! ये इकडं!"

हेफिन दाराबाहेर पडला. चार पावलं गेला.

फाटकापाशी... आतल्या अंगाला... बारकी पाठ. वल्लं बनियन. दोन्ही हातांनी आकडा दाबून धरलेला.

प्रेस्कटला ते दिसत न्हवतं. त्याच्या फुडंच व्हतं, गजांच्या मधी, आन् त्याला दिसत न्हवतं. त्यो त्याच्या डोक्यावरनं हेफिनकडं बघत व्हता.

"काय बघतोस? ओढ ना, गाढवा!"

पाठ हलली न्हाय. बोललं.

"लावलं."

येवढंच. आपल्या भाषंत.

हेफिन घरात पळाला. कडी घातली. पोलिसाला का फोन केला न्हाईस, मी ईच्यारलं. बंद पडला व्हता म्हणतो. असंल. नसंल. अकरा वर्सं त्यो माणूस सर सर करत जगला, बर्विन. हसू नगं.

भाईर प्रेस्कट आधी शिव्या देत व्हता. मग दोन्ही हातांनी गज धरून हलवाय लागला. मग वरडला. निराळंच वरडला. हात सुटंनात. नदीकाठचं पाणी हातमोज्याला लागलं व्हतं म्हणून त्यानं ते काढून ठेवले व्हते दुपारी. उघडे हात, पडत्या बर्फानं वल्ले, उणे नऊची रात.

"हेफिन... ऐक... दोन्ही हात... हेफिन, घर तुझं... घर तुझ्या नावावर..."

हेफिननं टीव्हीचा आवाज वाढवला.

मग... कधीतरी... त्यो "प्लीज" म्हणत व्हता. मग नुसतंच हूं... हूं... करत व्हता.

मग न्हाय.

उजाडता मी गेलो. मीच पयला. उभा व्हता फाटकाला धरून. मिशीला बर्फ, डोळं उघडं. पोलीस आले, अग्निशमनवाले आले. त्यांनी पाणी तापवून आणलं. बादली बादली वतलं, हळूहळू, कातडं जाऊ नये म्हणून. एक बाई त्याच्या हातांवर फुंकर घालत व्हती. ह्याच्यासाठी पाणी तापलं, बघा.

डॉक्टर म्हणला, काळीज बंद पडलं. बरं. पडलं.

हेफिन त्याच दिवशी सामान घेऊन निघाला. कुनी काढला न्हाय त्याला.

पण आतला आकडा. त्यो खाली पडलेला, घट्ट. पोलिसानं मोजे घालून त्यो उचलाय घेतला आन् थांबला. त्याच्यावर काहीतरी चिकटलं व्हतं. पातळ. कांद्याच्या पापुद्र्यावानी. दोन ठिकाणी. त्यावर रेघा व्हत्या. नशिबाच्या, आयुष्याच्या, सगळ्या.

डॉक्टरनं बघितलं. त्यो म्हणला, मोठ्या माणसाचं न्हाय हे. पोराचं हाय. अकरा-बारा वर्साच्या. आन् जुनं न्हाय. रातचं हाय.

जेवणघरात, त्या सगळ्या फोटोंच्या खाली, शाळंतली समदी पोरं रांगंत उभी केली. हात फुडं करा म्हणले. पोलीस एकेकाच्या हातावर बॅटरी मारत गेला. पयल्या पोरापासनं त्या दम्याच्या जाड्यापातूर. मी दारात उभा व्हतो.

सगळ्यांचे तळवे साबूत व्हते.