न उघडलेलं फोल्डर

उधन्याच्या बसथांब्यावर धनश्रीला स्वतःचं चित्र दुसऱ्याच बाईच्या पदरावर दिसलं, आणि हातातली पिशवी बाकावर विसरून ती त्या बाईच्या मागोमाग बसमध्ये चढली.

केळफूल होतं ते. जांभळं, अर्धं उमललेलं... तिनेच मोबाइलवर बोटाने काढलेलं. एक पान चुकून उलटं पडलं होतं, तेही पदरावर तसंच उलटं होतं. राग यायला हवा होता, पण आधी नुसतं नवलच वाटलं. घराच्या कोपऱ्यात, आईच्या भाकऱ्या थापण्याच्या आवाजात काढलेलं फूल असं कुणाच्या खांद्यावरून शहरभर हिंडत होतं.

"तुमची पिशवी राहिली होती."

तिने वळून पाहिलं. तिच्याएवढाच एक मुलगा धापा टाकत उभा होता. पिशवी धरलेल्या हाताची नखं निळी होती.

तिने पिशवी घेतली, पण डोळे पुन्हा पदराकडे गेले. त्याच्या ते लक्षात आलं.

"साडी आवडलेली दिसते."

"माझी आहे."

"साडी?"

"फूल."

तो हसायच्या बेतात होता. मग तिचा चेहरा पाहून थांबला. तिने फोन काढून त्याच्यापुढे मूळ चित्र धरलं. पाकळ्या वेगळ्या, रेषा वेगळ्या, मागचा रंग वेगळा. बोट लावलं की एकेक थर बाजूला होत होता. तो वाकून बघत राहिला, आणि त्याचा थांबा मागे गेला.

त्याचं नाव लखन. शहराबाहेरच्या सचिन या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड छपाईच्या कारखान्यात तो रंगखात्यात होता, आणि हे फूल त्यांच्याकडेच छापलं गेलं होतं. फाइल व्यापारी आणून देतो, ती कुणाची हे कारखान्यात कुणी विचारत नाही, हे त्याने खाली मान घालून सांगितलं. मग तिला आठवलं. एका व्यापाऱ्याने "जरा नमुना बघू द्या" म्हटलं होतं, आणि तिने मूळ फाइल जशीच्या तशी पाठवली होती. चार दिवसांनी त्याने "नाही चालणार" असं कळवलं होतं.

"तू कोनता गावनी शेस?" लखनने एकदम अहिराणीत विचारलं.

भोवती सगळे गुजराती आणि हिंदी बोलणारे. त्या गर्दीत घरची बोली ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं... चोरीमुळे नव्हतं आलं, ते आत्ता आलं. तिने अमळनेरजवळचं गाव सांगितलं. त्याचं पारोळ्याकडचं होतं.

त्यानंतर ती दोघं भेटत राहिली. कधी थांब्यावर, कधी लोचो या वाफवलेल्या डाळीच्या पदार्थाच्या गाडीपाशी. फाइली जपून पाठवायला शिकवण्याचं निमित्त होतं. व्यापाऱ्याला दाखवायचं चित्र लहान करून, त्यावर आडवं नाव टाकून पाठवायचं. मूळ फाइलीला कुलूप घालायचं. कुलपाचा परवलीचा शब्द त्याच निरोपात कधी लिहायचा नाही, फोन करून तोंडी सांगायचा. फाइलीचा दुवा पाठवला तर तो एकाच माणसाला उघडेल असा, आणि काम झालं की बंद करायचा. जवळच्या फोनवरून कुणीही काहीही धाडू शकेल अशी सोय तिच्या फोनमध्ये उघडीच होती, ती त्याने तिलाच बंद करायला लावली. शिकवताना तो तिच्या फोनला हात लावत नसे. फक्त बोट दाखवत असे... आणि ते निळं नख बघताना धनश्रीचं शिकण्यावरचं लक्ष उडत असे.

"कळलं का?" तो विचारी.

"नाही," ती म्हणे. बऱ्याचदा कळलेलं असे.

अडाजण भागातल्या सरलाबाई स्वतःच्या नावाने साड्या काढत. त्यांनी धनश्रीचं काम पाहून सांगितलं की बाजारात कुणीही न पाहिलेलं चित्र आण, साडीवर तुझं नाव टाकीन. मात्र ते आधी कुठे दिसलं तर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस. धनश्रीने सगळा हिवाळा त्या चित्रावर घालवला. फुललेली कपाशी, आणि तिच्यावर संध्याकाळी उतरलेला राखी उजेड. नमुना छापायला लखनने मालकांची परवानगी घेतली.

फाइल द्यायला ती दोघं तापीच्या काठी पोंकाच्या मांडवात भेटली. ज्वारीचा कोवळा, गरम पोंक, म्हणजे हुरडाच, वर लिंबूमिरीची शेव. इंटरनेट नको, दोन फोन शेजारी ठेवून थेट धाडू, असं लखनने सुचवलं. तिने फोन काढला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तू चित्र काढतेस तेव्हा... कुणाला जवळ बसू देतेस का?"

"बोलणारं माणूस नको असतं."

"मी गप्प बसेन."

तिने त्याच्याकडे पाहिलं. बोट कुठे टेकलं ते पाहिलंच नाही. फाइल जायला वेळ लागला, पण कपाशीचं चित्र मोठं होतं, आणि पोंक छान होता, आणि तो खरोखरच गप्प बसला होता.

घरी येऊन तिने फोन उघडला तेव्हा कळलं. एक फाइल नव्हती गेली. अख्खं फोल्डर गेलं होतं, कुलपाशिवाय. तिचे आरशापुढचे फोटो, एकटी असताना म्हटलेली गाणी, आणि ती चित्रं... जी तिने कुणालाच दाखवली नव्हती.

"काय व्हयनं वं?" आईने, उषाबाईंनी, विचारलं. धनश्रीने डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

गल्लीतल्या सुषमाचं तिला आठवलं. सुषमाने एकालाच एक फोटो पाठवला होता. तो आठवडाभरात सगळ्या गल्लीने पाहिला, ठरलेलं लग्न मोडलं, आणि सुषमाला मामाच्या गावी धाडून दिलं. त्या एकाला मात्र कुणी काही बोललं नव्हतं.

लखनला फोन करावा असं अनेकदा वाटलं. पण काय म्हणायचं? बघू नकोस म्हटलं तर तो बघणारच. आणि एव्हाना बघितलं असेल तर...

सकाळी वडील, भाईदास, यंत्रमागावरची रात्रपाळी करून आले आणि म्हणाले, खाली कुणी पारोळ्याचा मुलगा उभा आहे, तुला विचारतोय. ती जिना उतरून खाली गेली.

लखनचे डोळे जागरणाने लाल होते. त्याने आपला फोन तिच्यापुढे धरला. फोन बंद होता.

"एकच फाइल यायची होती," तो म्हणाला. "घरी जाऊन बघतो तर फोल्डर. चुकून आलंय हे कळलं. फोटो आपोआप इंटरनेटवर चढवायची सोय होती, ती आधी बंद केली. मग फोनच बंद केला. तू तुझ्या हाताने पूस."

तिने फोन सुरू केला. प्रत्येक फाइलीपुढे ती अजून न पाहिल्याची निळी खूण होती. एकही उघडलेली नव्हती. ती वरून खाली, पुन्हा वरून खाली बघत राहिली.

"बघावंसं नाही वाटलं?"

"वाटलं ना. म्हणून तर फोन आईजवळ दिला. म्हटलं, सकाळपर्यंत मागितला तरी देऊ नको." तो ओशाळून हसला. "मी दोनदा मागितला. तिने दिला नाही."

मोठमोठ्या लोकांविषयी ऐकून, उंच इमारती बघून, हजिऱ्याच्या बंदराकडे जाताना गावाएवढी जहाजं बघून धनश्रीला कधी एवढं भारावल्यासारखं वाटलं नव्हतं. आपलं सगळं या मुलाच्या हातात होतं, रात्रभर, त्याच्या आईजवळ, एका भिंतीपलीकडे, आणि त्याने ते तसंच सांभाळून परत आणलं होतं. गल्लीत नळाला पाणी आलं होतं, बायका हंडे लावत होत्या, आणि ती जिन्यापाशी उभी राहून एकेक फाइल पुसत होती. कचऱ्याच्या टोपलीतूनही तिने पुसलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मग तिने कपाशीची एकच फाइल नीट निवडली, कुलूप घातलं, आणि धाडली.

छपाईच्या दिवशी ती सचिनला गेली. आधी चित्र कागदावर उतरलं, आणि ते बघून ती हिरमुसली. सगळे रंग मळकट, विटलेले. लखनने तिला थांब म्हणून खूण केली; रंग ताप लागल्यावरच खुलतात. कागद आणि कापड एकावर एक ठेवून तापलेल्या रोलरमधून गेले, आणि पलीकडून कापड बाहेर आलं.

कपाशी फुलली होती. पांढरी, जिवंत, जणू हात लावला तर बोटाला चिकटेल... आणि तिच्यावर तो संध्याकाळचा राखी उजेड, तिच्या मनात होता त्याहूनही खोल. कापड येत राहिलं, थर पडत राहिले, आणि खडखडणाऱ्या यंत्रापाशी धनश्री तोंडावर हात ठेवून उभी राहिली. शेजारचे कामगारही बघायला थांबले. लखन कापडाकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, गप्प.

तिने कापड हलकेच गालाला लावलं. ते अजून गरम होतं.

"त्या फोल्डरमध्ये काय होतं, हे तू कधी विचारलं नाहीस," ती म्हणाली.

"तुझं होतं ते."

"माझं नव्हतं सगळं." यंत्राच्या आवाजात तिला जवळ सरकावं लागलं. "तू होतास त्यात. तुझे हात. बसमध्ये खिडकीशी झोपलेला तू. लोचो खातानाचा तू... सगळीकडे तूच होतास."

लखन म्हणाला, "आता बघू?"

तिने मान हलवली आणि फोन पुढे केला. तो घेणार तोच त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, थांब म्हणाला, आणि कोपऱ्यातल्या नळाकडे जवळजवळ पळतच गेला. साबण लावला, चोळलं, पुन्हा लावला. निळा रंग काही निघेना. ती बघत होती आणि हसत होती. शेवटी तो तसाच आला, ओले हात अंगापासून लांब धरून, पुसायला काही न सापडलेला.

मग फोन तिनेच धरला, दोघांना दिसेल असा, आणि पहिलं चित्र उघडलं.