शालिग्रामच्या गाडीचं हँडल

हसायचं ते आत्ताच हसून घ्या, नंतर दात वाजतील. ही जानेफळच्या शकील मिस्त्रीची हकिकत, आणि मी ती त्याच्याच तोंडून ऐकली. शकील पाच वेळचा नमाजी, भुताखेतांचं नाव काढलं की कानावर हात ठेवणारा. म्हणून तर सांगतो.

सन दोन हजार अठरा. कोजागिरी होऊन दुसरी रात्र. आठाच्या सुमारास शकील दुकान बंद करून, पान्यांची पिशवी घेऊन झुंबरबाईच्या वावरातल्या घरी गेला. काम साधंच होतं. तिच्या नवऱ्याची, शालिग्रामची, जुनी मोटरसायकल वर्षभर अंगणात उभी होती, हँडल डावीकडे वळवून लॉक केलेलं. चाबी आत जायची, पण फिरायची नाही. मुलगा कॉलेजला जायला लागला होता, त्याला गाडी हवी होती.

शालिग्राम आदल्या वर्षीच्या फवारणीत गेला. बीटी कपाशीला अळी लागत नाही म्हणून ते बियाणं पेरलं, आणि अळीनं बोंडातच घर केलं. मग औषध कडक, पंप पाठीवर, तोंडाला नुसता रुमाल. ते साल तुम्हालाही आठवत असेल.

शकीलनं लॉकमध्ये रॉकेल सोडलं, हँडल हलवत चाबी दाबून पाहिली, हळूहळू ठोकलं. काही उपयोग नाही. झुंबरबाई मोबाइलचा उजेड धरून उभी होती. बोलायला तीच लागली, कोरड्या आवाजात, शेजारणीबद्दल सांगावं तसं.

“लॉक म्याच लावलं होतं, भाऊ. त्याईनं नाही. चोराच्या भेवानं लावलं. दुसऱ्या दिवशी वावरातून आले अन् उलट्या सुरू झाल्या, डोयाले दिसेना. चाबी फिरेना. मंग त्याईले गाडीवर बसवलं अन् ढकलत निंगाली, सडकेवर दवाखान्यात न्याले जीप भेटंल म्हणून.”

तिनं मोबाइल दुसऱ्या हातात घेतला.

“गाडी सरळ जाईच ना. गोल फिरे अन् पुन्हा दारात ये. अर्धा घंटा म्या त्याईले अंगणातच फिरवलं.”

हँडल लॉक असलेली गाडी दुसरं करणार काय? शकीलचे हात थांबले. कारण त्या उलट्यांच्या आदल्या दिवशीच शालिग्राम शकीलच्या दुकानात येऊन गेला होता, चाबी अडकते म्हणून. शकीलनं रॉकेल टाकून वेळ भागवली, लॉक दोन दिवसांनी बदलू म्हणाला. अशा गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगायचीच असते : तोवर हँडल लॉक करू नका. तेवढ्यात दुसरं कोणी आलं आणि ते सांगायचं राहून गेलं. त्याला सांगितलं असतं, तर त्यानं बायकोला सांगितलं असतं.

एका वाक्यानं त्या बाईच्या छातीवरचा दगड उतरला असता. पण शकील मूग गिळून बसला. जुनं लॉक छिन्नीनं फोडलं, नवं बसवलं, गाडी चालू करून दिली आणि घरी आला. तेव्हा काय वाटलं, मी विचारलं त्याला. काहीच नाही म्हणाला. जेवलो, झोपलो.

त्याचं घर दुकानाच्या मागेच. रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी त्याला जाग आली.

दुकानासमोर कोणीतरी गाडी ढकलत होतं.

इंजिन बंद. टायरखाली मुरूम करकरत होता... आवाज शटरपाशी यायचा... लांब जायचा... पुन्हा शटरपाशी.

त्याची बायको गौसिया जागीच होती. तिनं ओढणी नाकाला लावली. फवारणीच्या औषधाचा वास होता.

“कोन हाय?” शकीलनं आतूनच विचारलं.

आवाज थांबला. शटरच्या अगदी पलीकडे. कोणी धापा टाकत होतं.

“शालिग्रामभाऊ...?”

...

मग पुन्हा टायर. गोल. पहाटेच्या, फजरच्या अजानपर्यंत.

उजाडल्यावर शकीलनं शटर उचललं. धुळीत चाकांचं वर्तुळ उमटलं होतं, फिरून फिरून खोल गेलेलं. पावलं नव्हती. आत आल्याची चाकोरी नव्हती, बाहेर गेल्याचीही नव्हती.

गौसियाला तिथंच उभी करून, तोंडही न धुता तो झुंबरबाईकडे गेला. ती अंगण झाडत होती.

“भाभी, लॉक लावू नका हे सांगाचं काम माह्यं होतं. म्या सांगतलं नाही. तुमचं काई चुकलं नाही.”

ती रडली नाही. शिव्याही दिल्या नाहीत. झाडू हातात तसाच ठेवून पायरीवर बसली.

“रात्रीच काऊन नाही सांगतलं?” एवढंच तिनं विचारलं.

तो परत आला तेव्हा गौसिया होती तिथंच उभी होती. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही, ती शपथेवर सांगते. धुळीतलं वर्तुळ तसंच होतं. फक्त आता त्यातून एक चाकोरी बाहेर पडली होती. सरळ, दवाखान्याच्या सडकेपर्यंत.