रिकाम्यांचा गट

त्या कॉम्प्युटरला रिकाम्यांच्या गटात तुम्ही घातलंत, साहेब. कुमुदिनीनं नाही. सुटे भाग रंगवणाऱ्या ज्या पेंट शॉपचा वास तुमच्या नाकाला कधी लागला नाही, त्याचे नियम तुम्ही वरच्या मजल्यावर एसीत बसून ठरवलेत. माणूस मेल्यावर खापर फोडायला तुम्हाला तिकडे तमिळ मुलखात, ओरगडमच्या कारखान्यात एकटी बसणारी पोरगी सापडली. तर आता ऐका. मधे बोलू नका.

कुमुदिनी उदगीरची. वेळाचेरीत भाड्याची खोली, सकाळी कंपनीची बस, दिवसभर ट्रकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातली एक लांबट खोली. पूर्वी त्या खोलीत अख्खी टीम होती. एकेक करून सगळे घरून काम करायला लागले. खुर्च्या राहिल्या. तमिळ तिला भाजी घेण्यापुरतं यायचं. दुपारी चहाची ट्रॉली ढकलत नित्याक्का दाराशी थांबायची आणि विचारायची, "साप्टिया मा?" जेवलीस का बाई? कुमुदिनी मान हलवायची. कधी कधी दिवसभरातलं बोलणं तेवढंच.

तिचं काम पॅच लावण्याचं. सॉफ्टवेअरमध्ये भोकं सापडतात, ती बुजवणारा तुकडा म्हणजे पॅच. तो सगळ्या कॉम्प्युटरांवर एकदम सोडत नाहीत. कुठे काय बिघडेल सांगता येत नाही, म्हणून कॉम्प्युटरांचे गट पाडायचे आणि आधी कुठला, मग कुठला ते ठरवायचं. कुणाचा कॉम्प्युटर कुठल्या गटात, यावर सगळं अवलंबून.

"पॅच म्हणजे ठिगळच की!" वेंकोबा म्हणाले होते. "मग तुमी शिंपीण. इंजिनीअर होऊन शिंपीण!"

वेंकोबा तंजावरकडचे मराठी. पेंट शॉपमधली विषारी हवा बाहेर फेकणारे मोठे पंखे एका कॉम्प्युटरवर चालत, आणि त्याच्यासमोर हे बसत. कुमुदिनी कँटीनमध्ये आईशी फोनवर बोलत होती, ते ऐकून हे दहीभाताचा डबा उचलून सरळ तिच्या टेबलावर आले. त्यांचं मराठी जुनं, तमिळ हेल काढणारं, पण मराठी. तेव्हापासून रोज संध्याकाळी बस गाठायच्या आधी ते तिच्या दाराशी डोकावत.

"जाऊन येतों, कुमुदम्मा."

"काका, नुसतं 'येतो' म्हणावं. 'जाऊन' कशाला?"

"गेल्याबगर येणार कसं? तुमी लोक अर्धंच बोलतां."

त्यांचा कॉम्प्युटर तिनं एका वेगळ्या गटात ठेवला होता. गटाचं नावच 'हात लावू नका'. तो रीस्टार्ट झाला की पंखे बंद पडत आणि कुणीतरी हातानं चालू करेपर्यंत बंदच राहत. म्हणून त्याला ठिगळ लावायचं ते सुट्टीच्या दिवशी, आत कुणी नसताना.

मग तुमचा हुकूम आला. हातानं पाडलेले गट मोडा. यापुढे गट नियमानं आपोआप बनतील. ज्याच्या कीबोर्डला काही वेळ हात लागला नाही तो कॉम्प्युटर रिकामा. रिकाम्यांच्या गटात जाईल, पॅच लागेल, रीस्टार्ट होईल. आधी इशारा येणार नाही, कारण रिकाम्या खुर्चीला कोण विचारतं?

कुमुदिनीनं कळवलं होतं, की पंख्यांचा कॉम्प्युटर सोडा, तिथला माणूस कीबोर्डला हात लावत नाही. तो नुसता बघत बसतो. बघत बसणं हेच त्याचं काम आहे. तुमचं उत्तर एका ओळीचं होतं. अपवाद नाही.

त्या दिवशी भर पाळीत वेंकोबांच्या डोळ्यांदेखत पडदा काळा झाला. पंखे थांबले. आत एक रंगारी होता. वेंकोबांनी कुमुदिनीला फोन केला. "पंखे थांबले गे. आत माणूस आहे. जाऊन येतों."

रंगारी वाचला. वेंकोबा आले नाहीत.

आणि तुम्ही काय केलंत? कागद बनवलात. घटनेच्या वेळी कर्मचारी जागेवर नव्हता. पुरावा काय, तर कॉम्प्युटर रिकाम्यांच्या गटात होता. खाली सहीला कुमुदिनीचं नाव. प्लँट मॅनेजर मुरली तो कागद घेऊन आला. म्हणाला, "सही करून टाक. नाहीतर प्रकरण तुझ्यावर शेकेल."

संध्याकाळी वेंकोबांच्या बायकोचा, भवानीबाईंचा फोन. "ते जागा सोडून गेलते म्हणून सांगतात. सगळी गल्ली तेच बोलते. बदलीचा माणूस आल्याबगर जागा सोडली नाहीं त्यांनी कधी. तुमी सांगा गे. खुर्चीत माणूस होता का नव्हता?"

कुमुदिनीनं कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

पेंट शॉपला कुलूप लागलं, वीज तोडली. जेवणाच्या सुट्टीत कुमुदिनी नेहमीसारखी गट बघत होती. माणसं कँटीनला गेली की अकाउंट्स, स्टोअर्स, डिझाइन भराभर रिकाम्यांत येतात. आले. पंख्यांचा कॉम्प्युटर आला नाही. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'वापरात'.

जुनी नोंद अडकली असेल, तिनं मनाशी म्हटलं. असं होतं कधी कधी.

दुसऱ्या दिवशीही 'वापरात'. तिनं मुरलीकडून किल्ली आणली. आत थिनरचा शिळा वास, अंधार. कॉम्प्युटरचा प्लग काढलेला, भिंतीशी नुसता लोंबत होता. मोबाइलच्या उजेडात तिनं टेबल बघितलं. पडद्यावर, माऊसवर, सगळ्या बटणांवर रंगाची बारीक करडी धूळ बसलेली. फक्त लांबडी स्पेसची पट्टी स्वच्छ होती. बोटानं घासून घासून गुळगुळीत झालेली.

ती बाहेर आली. कुलूप दोनदा ओढून बघितलं.

त्यानंतर दुपारी रिकाम्यांचा गट ओसरायला लागला. आधी स्टोअर्सचे कॉम्प्युटर येईनासे झाले, मग डिझाइनचे. सगळे 'वापरात'. एका दुपारी ती उठून बघायला गेली. अकाउंट्समध्ये चिटपाखरू नव्हतं. खुर्च्यांच्या पाठीवर ओढण्या, स्वेटर, टेबलावर कुणाचं सोललेलं संत्रं. सगळे पडदे जागे. एका पडद्यावर अर्धवट लिहिलेलं पत्र उघडं होतं, आणि त्यातली उभी रेघ हळूहळू उजवीकडे सरकत होती. स्पेस. स्पेस. स्पेस. अक्षर एकही नाही. शेजारच्या पडद्यावरही तेच. कुणीतरी नुसतं सांगत होतं, आहे, आहे, आहे.

ते तिनं कुणाला सांगावं? सांगायला एकच माणूस होता.

परवा मुरलीचा फोन आला. "जेवणाच्या सुट्टीत येतो. सही तयार ठेव."

"सर, सही नाही करणार. ते खुर्चीत होते. तुम्ही या, तुम्हाला एक दाखवते."

तिनं कागद काढून टेबलावर ठेवला आणि रिकाम्यांचा गट उघडून बसली. सुट्टीची घंटा झाली. खोल्या ओस पडल्या. गटात कुणीच आलं नाही. अख्ख्या कारखान्यात एकही खुर्ची रिकामी नव्हती.

मग एक नाव आलं.

तिच्याच कॉम्प्युटरचं.

तिनं स्पेस दाबली. नाव हललं नाही. तिनं लिहिलं, मी इथे आहे. पडद्यावर अक्षरं उमटली. नाव हललं नाही.

ट्रॉलीची चाकं वाजली. नित्याक्का दाराशी थांबली. आत बघितलं. काही विचारलं नाही. ट्रॉली पुढे गेली.

"अक्का," कुमुदिनीनं हाक मारली.

मुरली दारात आला. एकेक खुर्चीवरून नजर फिरवली. तिच्यावरूनही फिरवली. फोन कानाला लावून वैतागून म्हणाला, "सीटुल इल्ल." जागेवर नाही.

"सर, मी इथे आहे."

त्यानं दिवा बंद केला आणि दार ओढून घेतलं.

पडद्याचा उजेड तेवढा राहिला. कुमुदिनी उठली नाही. खुर्ची सोडायची नाही, एवढं एकच तिला पक्कं कळलं होतं. तिनं स्पेसच्या पट्टीवर बोट ठेवलं.

इशारा आला नाही. पडदा काळा झाला.

वेळाचेरीच्या खोलीला तेव्हापासून कुलूप आहे. उदगीरहून आई फोन करते, तो वाजत राहतो. तुम्ही तिच्या नावापुढे 'न कळवता गैरहजर' लिहून मोकळे झालात. कागद तिच्या टेबलावर तसाच आहे, बिनसहीचा. आणि तुमच्या स्वतःच्या पडद्यावर, साहेब, तिचा कॉम्प्युटर आज सकाळपासून 'वापरात' दिसतोय. कारखान्यातल्या तिच्या त्या खोलीची वीज तुम्हीच तोडायला लावलीत ना?

भवानीबाई अजून उत्तराची वाट बघतात. सांगा. खुर्चीत माणूस होता का नव्हता?