आईपासून लांब राहणारी लेक

"आई, मले हात नको लावू!"

भाकरी थापता थापता दम लागून दिपाली ओट्याशीच खाली बसली होती. दारात दिसलेल्या सात वर्षांच्या लेकीकडे तिने नुसते हात पसरले होते... एवढंच! पण अपेक्षा किंचाळून मागे सरली आणि अंगणात पळाली.

दिपालीला कोरोना होऊन वर्ष उलटत आलं होतं. रिपोर्ट चांगला आला, बाभुळगावच्या डॉक्टरांनी बरं झाल्याचं सांगितलं. तरी बादली उचलली की धाप लागे, बोलता बोलता शब्द हरवत, आणि आरशातला तो फिकट चेहरा दुसऱ्याच कुणा बाईचा वाटे. त्याहून जीवघेणं होतं ते लेकीचं परकेपण! दुपारी डोळा लागला की दाराशी पावलं वाजत, कुणीतरी श्वास रोखून उभं राही... आणि मान वळवली की तिथे कुणीच नसे. आपण जिवंतपणीच या घरातलं भूत झालो की काय, या विचाराने तिचा जीव गलबलून जाई.

आज मात्र भिंत धरत धरत ती अंगणात आली. गुरांसाठी साठवलेल्या कुटाराच्या ढिगाआड अपेक्षा मुसमुसत होती, आणि चार वर्षांचा रजत तिला विचारत होता, "ताई, आई मरते काय व?"

दिपालीचं काळीज चिरलं! ती तिथेच मातीत बसली. "नाही रे राजा, मी मरून नाही राह्यली. अपेक्षा, तू मले काहून भेते?"

"मी जवळ आली का तुले पुन्हा होईन! माह्याच तापानं तुले झालं... आजी म्हणे!"

ओसरीत तूर पाखडणाऱ्या सासूबाईंचं, विमलताईंचं सूप थांबलं.

म्हणजे ही चिमुरडी इतके महिने आईला वाचवायला म्हणून आईच्याच कुशीवर पाणी सोडून बसली होती! आईचा श्वास चालू आहे ना, एवढंच दारातून पाहून परत जात होती!

'तुझ्यामुळे नाही' म्हणणं सोपं होतं. पण त्या डोळ्यांपुढे तिला खोटं बोलवेना.

"आला असन कोरोना तुह्याकडून. पण तू आणला नाही, माय. तो डोयाले दिसत नाही, कोणाच्याही अंगात शिरते. आता तो गेला. आता जवळ आल्यानं काहीच होत नाही. वादळानंतर लाइट येते, पण कमी येते, विहिरीवरची मोटर उचलत नाही ना? तसं माह्या अंगाचं झालं."

"मंग पूर्ण लाइट कधी येईन?" रजतने विचारलं.

"डॉक्टरलेही माहीत नाही, बाळा."

"मी रागात बोलली व पोरी... माही जीभ झडो!" विमलताई पदरात तोंड लपवून हुंदके देऊ लागल्या.

"तुम्हीबी भेल्या होत्या, आत्याबाई," दिपाली हळूच म्हणाली.

अपेक्षा सरकत सरकत जवळ आली. आधी एक बोट आईच्या मनगटाला लागलं, मग कपाळ छातीवर टेकलं. त्या ओझ्यानेच दिपालीचा श्वास फुलला, छाती भात्यासारखी वर-खाली झाली...

अपेक्षा दचकली. पण उठली नाही.