सतरा नंबरची चिठ्ठी

बॅग दाराजवळ ठेव अर्णव, आणि बस जरा. वजनकाटा देतो, त्यासाठीच आलास ना? पण आधी सांग, बँकॉकला कोणाबरोबर चाललायस? मित्राबरोबर. शुक्रवारी रात्री उडायचं, सोमवारी सकाळी ऑफिसला हजर. मजा आहे बाबा तुमची. आम्ही शनिवार-रविवार धरून फार तर अलिबाग गाठायचो. अवनी, हसतेस काय, तूही बस भावाशेजारी. गॅलरीतला दिवा राहू दे बंद, डास येतात.

तुम्ही दोघं गेल्या वर्षी इथे भाड्याने आलात, म्हणून अच्युत तुम्हाला माहीत नाही. सतरा नंबरला कुलूप दिसतं ना, ती त्याची खोली. एकटा जीव. अठ्ठावन्न वर्षांचा, पण पासपोर्टवर एक शिक्का नाही. शेजारी अठरा नंबरला हर्षवर्धन. भिंतीला भिंत, बालवाडीपासूनची दोस्ती. एकाकडे मटण शिजलं की दुसऱ्याकडे भात लागायचा.

तेव्हा आपल्या चाळीला बिल्डर आला होता. गिरगावात सगळ्यांना येतो तसाच. सगळे खूश. मीही. तुमच्या राजलक्ष्मीकाकूंचे गुडघे गेलेले, आणि संडास गॅलरीच्या त्या टोकाला. रात्री दोन-दोनदा तिला धरून न्यायचो मी. मला घरात संडास हवा होता, दुसरं काही नको होतं.

एकटा अच्युत आडवा पडला. का, तर कौसल्या. जिन्याखालच्या खोलीत राहते ना, तीच. नवरा गेला, भाडेपावती तिच्या नावावर कधी झालीच नाही, म्हणून बिल्डरच्या यादीत ती नव्हती. चाळ पडली की ती रस्त्यावर. अच्युत म्हणायचा, "नाना, तिचं नाव घाला, मी डोळे मिटून सही करतो." आम्ही म्हणायचो, बघू. बिल्डर म्हणायचा, जमणार नाही.

आणि आपल्या चाळीचा जुना शिरस्ता. मत चिठ्ठीवर द्यायचं. हजर असतील त्या सगळ्यांचं 'हो' हवं. एक जरी 'नाही' निघालं तरी ठराव बारगळला. गैरहजर माणसाला मात्र मत नाही.

मग काय… गैरहजर करायचं त्याला.

हर्षाने तिकिटं काढली. "चल रे अच्या, आयुष्यात एकदा तरी विमानात बस." अच्युत लहान मुलासारखा खूश झाला. जायच्या दिवशी गॅलरीत प्रत्येकाला विचारत फिरला, तुला तिकडून काय आणू? मलाही विचारलं. मी म्हटलं, काही नको रे, तू मजा कर. त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

चाळीचा सेक्रेटरी मीच, मीटिंगची नोटीस मी शनिवारी लावली. तो गेल्यावर.

८ डिसेंबर २०२४, रविवार. रात्री आठ वाजता, पहिल्या मजल्यावरच्या गणपतीच्या खोलीत. चिठ्ठ्या मी स्वतः कापल्या, नातवाच्या रेघी वहीतून. चाळीस माणसं, चाळीस चिठ्ठ्या. खोली नंबर लिहायचा, हो किंवा नाही लिहायचं, आणि डब्यात टाकायची. पावती नाही म्हणून कौसल्येला मत नव्हतं. ती बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून होती.

सव्वाआठला मी पाणी प्यायला बाहेर आलो. ती म्हणाली, "नाना, बरं झालं, अच्युतभाऊ आले."

मी म्हटलं, "कोण?"

"आत्ता वर गेले की. माझ्या अंगावरून. हाक मारली, पण बोलले नाहीत."

"तो परदेशात आहे गं."

तिने वर जिन्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "पायात चप्पल नव्हती."

मी आत गेलो. माणसं मोजली. चाळीस. शेवटच्या रांगेत भिंतीकडची एक खुर्ची रिकामी होती. कोणी तिच्यावर बसत नव्हतं. आणि दोघं जण उभे होते.

मी म्हटलं, बसा ना. ते म्हणाले, राहू दे.



डबा उघडला. हो. हो. हो. मी एकेक वाचत होतो. खोली उकडत होती, आणि माझे हात गार पडले होते. अडतीस… एकोणचाळीस… चाळीस.

तळाशी अजून एक होती.

रेघा नव्हत्या तिच्यावर. जाड, पांढरी. खोली नंबर सतरा.

नाही.

  मागून कोणीतरी म्हणालं, "चावटपणा आहे कुणाचा तरी, फाडा." पण अक्षर मी ओळखलं. तीस वर्षं चाळीच्या अर्जांवर बघितलेलं अक्षर. 'ह'ची शेपटी लांब ओढायचा तो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. हर्षा.

आधी नुसता श्वास. मग रडणं. म्हणाला, "नाना… अच्युत गेला."

मी विचारलं, कसा? कधी?

"माझा फोन पलंगावर पडला होता. तुमचा मेसेज वाचला त्याने."

कुठला मेसेज, ते मी विचारलं नाही. दुपारी मीच पाठवला होता. 'सोमवारपर्यंत धरून ठेव त्याला, आम्ही इकडे उरकून घेतो.' अजून आहे फोनमध्ये. पुसायची हिंमत होत नाही. लाज वाटते रे पोरांनो, या वयात, रोज.

हर्षा म्हणाला, "शिवी तरी द्यायची, नाना. एक शब्द बोलला नाही. खुर्चीत बसून राहिला तासभर, माझ्याकडे बघत. मग विचारलं, मीटिंग किती वाजता? मी म्हटलं, आठ. घड्याळ बघितलं त्याने. इथे साडेनऊ वाजत होते, म्हणजे तुमच्याकडे आठच. म्हणाला, मग मला निघायला हवं. आणि चपला काढून पलंगावर आडवा झाला. मला वाटलं, रुसून झोपलाय. मघाशी उठवायला गेलो तर… गार."

फोन कधी बंद झाला, कळलं नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. दारात कौसल्या उभी होती. भिंतीकडची खुर्ची अजून रिकामी.

चिठ्ठी माझ्या हातातच होती. मी ती उलटी केली.

मागे निळ्या अक्षरांत हॉटेलचं नाव छापलेलं होतं. त्याखाली पत्ता… बँकॉकचा.