काठी उचलू नकोस

कुणाच्या घरात खिडकीतून शिरावं, तसा तो माणूस डोहात शिरला. खालच्या बाजूनं.

थिया तेव्हा डोहाच्या वरच्या अंगाला मांडीभर पाण्यात उभी होती. सप्टेंबरची सकाळ, आल्डरच्या झाडांवर धुकं अजून लोंबत होतं. गळाची दोरी फेकायची, तिच्या टोकाची हरणाच्या केसांची नकली माशी पाण्यावरून तिरकी घसरत काठाशी येऊ द्यायची, एक पाऊल खाली सरकायचं, पुन्हा फेकायची... असं करत ती डोहाच्या खालच्या टोकाकडं निघाली होती. समुद्रातून परतलेला स्टीलहेड मासा विसावतो तो तिथंच, चपट्या खडकामागं. आणि नेमका तिथंच हा उंचेला गडी उतरून मजेत गळाची काठी फिरवायला लागला.

त्या ओढ्यावरची माणसं भांडणं विसरतात, उसनी नेलेली करवतही विसरतात, पण खालून शिरलेलं विसरत नाहीत. आधी आलेल्याच्या मागून, वरूनच उतरायचं, ही तिथली रीत.

"अहो साहेब," थिया म्हणाली, "रांग इकडून आहे."

तो वळला. "रांग? तुम्ही तर एकट्याच दिसताय."

"एकटीचीसुद्धा रांग असते."

त्यानं पाण्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि त्याचे कान लालभडक झाले. निमूट बाहेर येऊन, काठानं लांबचा वळसा घालून तो तिच्या वरच्या बाजूला उभा राहिला.

"आता बरोबर?"

"आता मासा घाबरून समुद्रात परत गेला असेल," ती म्हणाली. "पण हो... बरोबर."

तिला राग आला होता आणि हसूही येत होतं. खरं म्हणजे रागच जास्त यायला हवा होता, आणि तो येत नाही म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

थियाच्या मावशीचं, लिओनाचं, रस्त्याकडेला छोटं खाणावळीवजा कॉफीचं दुकान होतं. थिया तिथं सकाळी पॅनकेक भाजायची. दुसऱ्या दिवशी तो तिथं हजर. लिओनामावशीनं दोन कप कॉफीत त्याची सगळी कुंडली काढली. नाव रुबेन ताकेदा. गावाकडं, हूड नदीच्या काठी, आईवडिलांची पेअरची बाग. गेल्या हिवाळ्यात ओढ्यानं वाहून नेलेला पूल नव्यानं बांधायला आलाय. थंडीतला पाऊस सुरू व्हायच्या आत काम संपवायचं, मग पुढचा पूल अलास्कात. लग्न? नाही. मावशीनं हा शेवटचा तपशील थियाला दोनदा सांगितला.

"मला काय त्याचं," थिया म्हणाली. तेवढ्यात एक पॅनकेक जळला.

संध्याकाळी काम सुटलं की रुबेन डोहावर यायला लागला. वरूनच यायचा, आणि मुद्दाम विचारायचा, "रांगेत किती जण आहेत?" ती म्हणायची, "तुझा नंबर लागेल, घाई नको." तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. ती त्याला दोरी फेकायला शिकवायची. त्याचं मनगट धरून दाखवावं लागायचं, आणि मग ते सोडायचं कधी, हे तिला नीट सुचायचं नाही.

"मासा वर येताना आधी पाणी फुगतं," तिनं एकदा सांगितलं. "मग उसळतं, माशी गडप होते. तेव्हा तुझा हात शिवशिवेल. तरी काठी उचलू नकोस."

"मग काय करू?"

"काही नाही. त्याला माशी धरून वळू दे. दोरीवर वजन येऊ दे. मग."

"आणि आधीच उचलली तर?"

"तर त्याच्या तोंडातली माशी तूच ओढून घेतलीस. मग काठावर बसायचं, डोहाला विसावा द्यायचा. कुणी दुसरं आलं तरी तुझ्या परवानगीशिवाय उतरत नाही, कारण मासा तुझ्यासाठी वर आलेला असतो. मग आधीपेक्षा लहान माशी बांधायची आणि त्याच जागी टाकायची."

"येतो?"

"बऱ्याचदा येतो." तिनं नजर पाण्याकडं वळवली. "नेहमी नाही."

शिकवायला ती पक्की होती. पण पाण्याबाहेर थियाइतकी उतावळी मुलगी त्या खोऱ्यात नव्हती. कॉफी गार व्हायच्या आत तोंड पोळून घ्यायची, समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करायची. आणि आता तर तिला कशातच चैन पडेना. रोज दुकानाच्या दारातून ती पुलाकडं पाहायची. खांब झाले, तुळया चढल्या, कठडे लागायला लागले. गावाला आनंद होता. ती मात्र बाकी राहिलेले कठडे मोजायची. पूल पुरा झाला की रुबेन जाणार, आणि आपल्याला तो हवाय, हे तिला आता स्वतःपासूनही लपवता येत नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी तो काठी न घेताच आला. तिच्याशेजारी उभा राहिला. हातातली टोपी एकसारखी फिरवत होता.

"थिया, मी विचार करत होतो... पूल झाला की—"

"अलास्का, माहितीय," ती पटकन म्हणाली. "चांगलं आहे की. मोठं काम आहे. तिकडे मासेही मोठे असतात. जा तू, आमचं काय, आम्ही आहोतच इथं."

निरोप त्याच्या तोंडून ऐकायचा नव्हता, म्हणून तिनंच देऊन टाकला. रुबेनच्या हातातली टोपी फिरायची थांबली. मग त्यानं ती डोक्यावर घातली.

"हो," तो म्हणाला. "मासे मोठे असतात म्हणे."

तो वर रस्त्याला लागेपर्यंत ती हसरा चेहरा धरून उभी होती. मग तिला कळलं आपण काय केलं ते, आणि ती तिथंच खडकावर बसून रडली.

नंतर तो डोहावर आला नाही. दुकानात यायचा, मावशीशी बोलायचा, पैसे ठेवून जायचा. थियाच्या हातून मीठ साखरेच्या बरणीत गेलं, दोन बशा फुटल्या. शेवटी मावशी म्हणाली, "उद्या सकाळी निघतोय तो. तू काही बोलणार आहेस, की माझी उरलेली भांडी फोडणार आहेस?"

त्या सकाळी आभाळ भरून आलं होतं. आज ना उद्या ओढा गढूळ होणार, मोसम संपणार. मावशीनं पॅनकेक स्वतःकडं घेतले आणि थियाला हाकललं. ती पुलापर्यंत गेली. रुबेनचा ट्रक सामान भरून उभा होता, तो मात्र कुठं दिसेना. काय करावं ते न सुचून तिचे पाय डोहाकडं वळले आणि तिथल्या झाडाशी ठेवलेली काठी घेऊन हातांनी सवयीनं दोरी फेकली.

चपट्या खडकामागं पाणी फुगलं. उसळलं. राखाडी पाठ क्षणभर चमकली... आणि थियानं, जिनं अख्ख्या खोऱ्याला शिकवलं होतं तिनं, काठी उचलली.

माशी हवेत. मासा गायब.

ती काठावर येऊन बसली. तेवढ्यात मागं पानं वाजली. रुबेन. खालच्या पायवाटेनं येत होता. तिला बसलेली पाहून थांबला, मग मुद्दाम लांबचा वळसा घालून वरच्या बाजूनं आला.

"आला होता?"

"आला होता. मी घाई केली."

"तू?"

"मीच. आणि... आज पहिल्यांदा नाही."

तो तिच्याशेजारी खडकावर बसला. पाण्यावर पावसाचे बारीक थेंब टिपके काढायला लागले.

"त्या दिवशी तू काहीतरी बोलायला आला होतास," थिया म्हणाली. बोलताना ती माशीचे केस उपटत होती. "मला वाटलं निरोप घ्यायला आलास. मला तो ऐकवला नसता. म्हणून..."

"मी म्हणणार होतो, माझ्याबरोबर अलास्काला चल."

थियानं तोंड उघडलं. मग मिटलं. दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट दाबून धरले.

"पण ते फार मोठं मागणं होतं," रुबेन म्हणाला. "मावशीला, या डोहाला सोडून ये म्हणायचं... तू जा म्हणालीस ते बरंच झालं असं स्वतःला समजावत होतो. पटेना. वरच्या जंगलातल्या रस्त्यावर छोटे लाकडी पूल आहेत, पडायला आलेले. त्यांना माणूस हवाय. किरकोळ काम आहे. दुपारपर्यंत मला कळवायचंय." तो खाली पाहत होता, कान पुन्हा लाल. "मी इथंच राहिलो तर... चालेल तुला?"

हो, चालेल, पळेल, कधीची वाट पाहतेय मी — सगळं तिच्या ओठांशी येऊन उभं राहिलं. तिनं ते तिथंच धरलं. त्याचं वाक्य खरंच संपलं की नाही ते पाहिलं. त्याचा हात दोघांच्या मधल्या ओल्या खडकावर पडला होता. तो सावकाश सरकला आणि तिच्या हातावर येऊन टेकला. थियाला त्याचं पुरतं वजन जाणवलं.

"थिया, काहीतरी बोल ना."

"थांब," ती म्हणाली. "शिकतेय मी."

आणि मग, अजिबात घाई न करता, ती हो म्हणाली.